पडद्याआडचं ताट

श्रावण लागला की आमच्या वाडीत बायका एकमेकींना एक प्रश्न हमखास विचारतात. 'यंदा काय काय धरलंस गो?' म्हणजे कुठले वार, कुठले उपास, कांदा-लसूण सोडली की नाही. उत्तर देणारी जरा मान तिरकी करून सांगते, सोमवार तर आहेतच, शनिवारपण, शुक्रवार जमला तर. मला विचारलं की मी सांगते, काहीच नाही. मग विचारणारी क्षणभर माझ्याकडे बघते, तिला काहीतरी आठवतं आणि ती घाईघाईने भातातलं तण काढायच्या बेणणीवर येते. तिला जे आठवतं त्याला वाडीत नाव नाही. 'तेव्हाचं ते' असं म्हणतात. आज मी त्याचं नाव घेणार आहे, कारण श्रावण पुन्हा आलाय, परसात हळदीची पानं हातभर झाली आहेत आणि मला भूक लागली आहे.

खाण्याचा आजार. हे त्याचं नाव. पहिल्यांदा ऐकणारा माणूस विचारतो, 'म्हणजे फार खायचीस?' नाही, खायचेच नाही. 'मग तो न खाण्याचा आजार म्हण की.' म्हणते बाबा, तसं म्हणते. पण आधी त्याला आजार म्हणायला शिका, पुढचं नंतर बघू.

तेव्हा मी दापोलीला शेतकीच्या कॉलेजात होते, हॉस्टेलवर राहायचे. आमचं गाव खेडपासून आत. बाबा लोट्याच्या एका कारखान्यात, पाळी बदलेल तशी त्यांची झोप बदलायची. आई घर, गुरं आणि शेत सांभाळायची. चारचौघांसारखं घर. हे मुद्दाम सांगते, कारण हा आजार मोठ्या शहरातल्या, मोठ्या घरातल्या, नको तेवढा वेळ हाताशी असलेल्या पोरींना होतो असं लोकांना वाटतं. आमच्या घरी कुणालाच वेळ नव्हता. तरी झाला.

कसा सुरू झाला, हे सगळ्यांना हवं असतं. कुणी मुलगा होता का? मोबाइलवर काही बघितलंस का? साडी डेला कुणी काही बोललं का? बोललं असेल. आपल्याकडे कोण बोलत नाही? 'बारीक झालीस गो' आणि 'अंगानं भरलीस गो' ही आपली रामराम करायची पद्धत आहे. लग्नात, बाजारात, एसटीच्या स्टँडवर माणूस भेटलं की आधी आपण त्याला डोळ्यांनी तोलतो, मग खुशाली विचारतो. पण एवढंच कारण असतं तर अख्खा जिल्हा आजारी पडला असता. मला एक सुटसुटीत कारण देता येत नाही आणि ते देणं मी लागत नाही. आणि तेव्हाच्या वजनाचा आकडाही इथे लिहिणार नाही. तो ऐकायला लोक जरा पुढे सरकून बसतात, मी पाहिलंय.

मला आठवतो तो त्या श्रावणाचा वास. घरी आले की चुलीवर वालाचं बिरडं शिजत असायचं, परसातला अळू चिंच घालून रटरटत असायचा. नागपंचमीला हळदीच्या पानात पातोळे उकडताना जी वाफ येते, ती पडवीपर्यंत यायची आणि तिथेच थांबून राहायची. हे सगळं मी करायचे. खोबरं खोवायचे, पानांवर पीठ थापायचे, सगळ्यांना आग्रह करकरून वाढायचे. माझ्या हाताला चव आहे असं सगळे म्हणायचे. त्या चवीशी माझा संबंध फक्त हातापुरता उरला होता. दिवसभर मी अन्नाचाच विचार करायचे आणि अन्नापासून लांब राहायचे. हे आजाराचं लक्षण असतं हे मला पुढे कळलं. तेव्हा घरात सगळ्यांना वाटायचं, पोर किती गुणाची.

कारण मला उपास असायचा. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. बुधवारी पोट बिघडायचं आणि रविवारी उशिरा उठले म्हणून न्याहारी टळायची. उपास असलेल्या मुलीला कुणी 'का जेवली नाहीस' असं विचारत नाही. उलट डोक्यावरून हात फिरवतात. हॉस्टेलच्या मेसमध्ये मुली मला साबुदाणा ठेवायच्या, मी तो दुसरीला द्यायचे, ती म्हणायची, हिचा उपास बघा किती कडक. आजार आमच्या घरात उंबऱ्यावरून चोरासारखा आला नाही. तो देवाचे वार घेऊन आला आणि आम्ही त्याला पाट दिला.

सगळ्यात जास्त कौतुक आत्याला. माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, लग्न होऊन नालासोपाऱ्याला गेलेली. वर्षातून एकदा गौरी-गणपतीला ती माहेरी येते. त्या वर्षी अर्ध्या श्रावणातच आली. मला बघून म्हणाली, 'या वयात येवढं कडक करणारी पोर मी न्हाय बगितली. तोंडावर तेज बघ कसं आलंय.' ते तेज नव्हतं. कातडीखाली काही उरलं नाही की हाडं चमकतात. पण मी हसले, कारण ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

आईला मात्र शंका आली होती. माझे केस विंचरताना फणीत इतके केस यायचे की ती ते गुंडाळून पदरात लपवायची. भर पावसात अंगावर गोधडी घेऊन मी चुलीपाशी बसायचे. शेतातून घरापर्यंतची चढण मला मध्ये बसल्याशिवाय चढता येत नव्हती. मग आमची माणसं अडल्यावर जे करतात तेच तिने केलं. देवळात जाऊन कौल लावला. गुरवाने देवीच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाकळ्या लावल्या आणि आई हात जोडून म्हणाली, 'पोरीनं तुझं येवढं धरलंय. तुला मान्य हाय काय? पार पडू दे.' उजवी पाकळी पडली. म्हणजे होकार. झालं. आता देवीनेच हो म्हटल्यावर माझा उपास मोडायची कुणाची हिंमत? देवीला मी दोष देत नाही. तिला विचारलंच ते चुकीचं होतं.

मी पडले ती एका शनिवारी, विहिरीच्या वाटेवर. खेडला नेलं, सलाईन लावलं. अशक्तपणा आहे, रक्त कमी आहे, मुलीला खायला घाला, असं बोलणं चाललं होतं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईने मात्र सगळ्यांना बाहेर काढून मला हळूच विचारलं, 'जेवायची भीती वाटते का?' एवढ्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं आणि रडले. तिने चिठ्ठी दिली ती रत्नागिरीच्या मानसोपचार डॉक्टरांच्या नावाची.

रत्नागिरीला न्यायचं म्हटल्यावर घरात जी शांतता पसरली ती ज्यांना आमचा जिल्हा माहीत आहे त्यांनाच कळेल. आमच्याकडे लहानपणी भांडताना म्हणतात, 'ह्याला रत्नागिरीला न्या.' सगळ्यांना कळतं कुठे, तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात. आत्या आवाज खाली करून म्हणाली, 'डोक्याचा डॉक्टर? पोरीच्या लग्नाचं काय व्हायचं उद्या? अॅसिडिटी हाय म्हणा, पित्त हाय म्हणा.' बाबा रात्रपाळी करून आले होते, डोळे लाल. ते फार बोलत नाहीत. त्यांनी डबा खाली ठेवला आणि म्हणाले, 'लग्नाला पोर तर हवी ना, अक्का?' आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकली.

डॉक्टर वयाने आईएवढ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तपासण्या करायला लावल्या आणि आईकडे वळून म्हणाल्या, 'हा हट्ट नाही. व्रत नाही. फॅशन नाही. आजार आहे, जीव घेऊ शकतो आणि बरा होतो. वेळ लागेल.' आई म्हणाली, 'आमच्याकडे असं कुणाला नसतं ओ.' त्या म्हणाल्या, 'असतं. माझ्याकडे येईपर्यंत त्याला दुसरी नावं असतात, एवढंच.'

ते खरंच होतं. बाहेरच्या बाकावर आम्ही तासन्‌तास बसायचो, तिथे ओळखी व्हायच्या. व्यायामशाळेत जाणारा एक तरणाबांड मुलगा यायचा, त्याला आरशातलं स्वतःचं अंग कधीच पटत नव्हतं. आंजर्ल्याच्या बाजूची एक बाई यायची, नवरा बोटीवर. रोजे संपून किती दिवस झाले तरी तिचं जेवण सुरू झालं नव्हतं. हे आधी तिच्या सासूला कळलं आणि ती सासूच तिला हाताला धरून घेऊन यायची. मी सोमवार सांगितले, तिने रोजे सांगितले. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसलो. आजाराने दोघींना अगदी सारखं बनवलं होतं.

उपचार म्हणजे काय, हे लोक फार कुतूहलाने विचारतात. गोळ्या होत्या. बोलणं होतं, आठवड्याच्या आठवड्याला. वजनाच्या काट्यावर पाठ करून उभं राहायचं, आकडा मला सांगायचा नाही. आणि ठरल्या वेळेला जेवायचं, भूक असो नसो, घर असो एसटी असो. आई जवळ बसणार, पण तिने 'खा' म्हणायचं नाही, 'शाब्बास' म्हणायचं नाही, 'एवढंसंच?' तर अजिबात म्हणायचं नाही. कोकणातल्या आईला 'खा गो' म्हणू नको असं सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच विचार करा. तिचे ओठ हलायचे, ती पदर तोंडात धरायची. त्या श्रावणात आमच्या घरात एकच खरं व्रत पाळलं गेलं आणि ते आईने पाळलं.

रत्नागिरीहून येताना जेवायची वेळ कधी संगमेश्वरला व्हायची, कधी थेट परशुराम घाटात. आई गच्च भरलेल्या गाडीत डबा उघडायची. भाकरी, भाजी, कांदा. माझा घास हातातच राहायचा, गाडी चार वळणं घ्यायची, मग तो तोंडात जायचा. शेजारची माणसं बघायची. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, 'पोरीला बरं न्हाय काय?' आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, 'बरं हाय. जेवतेय.' त्या वाक्यासाठी मी आईचे पाय धरायला हवे होते. मी तेव्हा तिच्यावर चिडलेली होते.

मग गौरी आल्या. आमच्याकडे तेरड्याची गौर असते, वर मुखवटा, नेसायला नवी साडी. पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरी, दुसऱ्या दिवशी तिखटाचा सण. म्हणजे कोंबडी-वडे, मिळाले तर खेकडे. श्रावणभर ज्या घरात मासळीचा वास येत नाही त्या घरात देवी स्वतः येऊन रस्सा मागते. मला हे फार आवडतं. गणपतीला तिखट चालत नाही, म्हणून दोघांच्या मध्ये पडदा लावतात. आमच्या घराण्यात गौरीच्या पुढेही पडदा असतो, एका जुन्या हिरव्या लुगड्याचा. नैवेद्याचं ताट ठेवलं की पडदा ओढायचा आणि सगळ्यांनी पडवीत यायचं. माहेराला आलेल्या लेकीने पोटभर जेवावं, तिच्या तोंडाकडे कुणी बघू नये, म्हणून. तिचं जेवून होईपर्यंत घरात कुणी घास घ्यायचा नाही.

त्या वर्षी घर भरलेलं होतं. मुंबईची सगळी माणसं आलेली, आत्या आणि तिची सुना-मुलं. माझी बातमी सगळ्यांना होती. मी पाणी प्यायले तरी चार माना वळायच्या. पंक्तीत माझ्या ताटाकडे किती डोळे लागणार, हेच मी सकाळपासून मोजत होते. आई वडे तळत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग नैवेद्याचं ताट वाढलं. त्याच्या शेजारी दुसरं ताट घेतलं आणि तेही तसंच वाढलं.

आत्याने विचारलं, 'दुसरं ताट कुणाचं?'

'आत दोघी जेवणार हायत,' आई म्हणाली.

'देवीच्या पंगतीला माणूस? असं कधी झालंय काय आपल्यात?'

'वन्सं, देवी माहेराला जेवायला आलीय. हिचंपण माहेर हेच हाय.' आई माझा हात धरून मला आत घेऊन गेली, पाटावर बसवलं आणि पडदा ओढून बाहेर गेली.

आत तिघं होतो. गौरी, मी आणि आजार. तेरड्याचा ओला वास, रश्शाची वाफ, समईचा उजेड. मी गौरीकडे बघितलं, ती समोर बघत होती. तिला माझ्या ताटात काही रस नव्हता. कुणीही बघत नसलेलं जेवण मला कितीतरी दिवसांनी मिळालं होतं. मी वडा मोडला. डोक्यातला आवाज नेहमीसारखा बोलायला लागला आणि मी पहिल्यांदाच त्याला मोठ्याने म्हटलं, गप बस, देवी जेवतेय. मग खाल्लं. खूप वेळ लागला. रडत खाल्लं, थांबत खाल्लं, रस्सा गार झाला तरी खाल्लं.

आणि बाहेर सगळे उपाशी. पडदा उघडल्याशिवाय पंगत बसत नाही ना. मुलं कुरकुरायला लागली, मुंबईच्या काकांचं पित्त खवळलं, कुणीतरी म्हणालं, बघा जरा काय झालं ते. आई हातात पळी घेऊन पडद्यासमोर उभी होती. म्हणाली, 'कुणी आत जायचं न्हाय.' श्रावणात मी उपाशी राहिले तेव्हा ज्यांनी माझं कौतुक केलं, त्या सगळ्यांना त्या दिवशी माझं जेवण होईपर्यंत उपास घडला. हे आठवलं की मला आजही आनंद होतो, तो मी लपवणार नाही.

त्या दिवशी मी बरी झाले असं नाही. तसं होत नाही. कॉलेजचं वर्ष गेलं, गोळ्या बदलल्या, मध्ये दोनदा पुन्हा घसरले, पुन्हा रत्नागिरीच्या त्याच बाकावर बसले. पण मी जेवू शकते हे मला कळलं होतं आणि ते आजारालाही कळलं होतं.

आता मी गावातच कलमांची रोपवाटिका चालवते. घरात एक नियम केलाय. कुणाच्या अंगावरून बोलायचं नाही, बारीकही नाही, जाडही नाही. पाहुण्यांना हा नियम दारातच सांगते, काहींना राग येतो, येऊ दे. गेल्या श्रावणात चिपळूणकडचं एक स्थळ आलं होतं. आत्याने आदल्या दिवशी फोन करून बजावलं, 'हरतालिका धरतेस म्हण. आणि तेव्हाचं ते काढू नको.' मी पोहे केले, सगळ्यांना दिले आणि माझीही बशी भरून घेऊन समोर खाऊ लागले. मुलाची आई माझ्या बशीकडे बघत म्हणाली, 'उपास-तापास करतेस ना?' म्हटलं, नाही. मला खाण्याचा आजार होता, रत्नागिरीला उपचार घेतले, मी उपास करत नाही आणि करणार नाही. बाबा खाली मान घालून हसत होते. पुढे मुलाकडच्यांचा फोन आला नाही. पोहे चांगले झाले होते.

आत्याचा मला राग होता. थोडा अजून आहे. पण त्या स्थळानंतर काहीच दिवसांत ती गौरीला आली तेव्हा मी तिला नीट बघितलं. वय झालंय, साखरेच्या गोळ्या चालू आहेत, तरी सगळे वार धरलेले. सकाळपासून ती उभीच होती, नारळ खवत, वडे थापत. दरवर्षी पंगती उठल्या की ती पातेल्याच्या तळाचं खरवडून, चुलीपाशी उकिडवी बसून खाते, तेही कुणी हाक मारली की अर्धवट टाकून उठते. सासरी तशीच, माहेरीही तशीच. तिच्या या जेवणाला मी आजार म्हणणार नाही. पण मला कडक उपासाची शाबासकी देणाऱ्या या बाईला आयुष्यात कुणी गरम ताट वाढून समोर बसवलं होतं का, हे मला आठवेना.

नैवेद्याची वेळ झाली. दुसरं ताट मांडायची पद्धत आई अजून पाळते. मी म्हटलं, आई, मी आज पंगतीत बसणार, सगळ्यांसमोर. ते ताट आत्याला दे.

आत्या म्हणाली, 'मला कशाला गो? माझं काय, मी मागनं बसेन.'

'आत्या, हे तुझं माहेर आहे ना?'

तिने हात पदराला पुसले, परत पुसले आणि आत गेली. मी पडदा ओढला.

बराच वेळ गेला. पडवीत माणसं जांभया द्यायला लागली. मला चांगलीच भूक लागली होती, पोटात आवाज येत होते आणि ते आवाज मला आवडत होते. आतून एकदा वाटी सरकल्याचा आवाज आला, मग काही नाही. आत्याचा थोरला मुलगा उठला आणि म्हणाला, 'आई काय करते येवढा वेळ? बघू काय?'

मी आईच्या हातातली पळी घेतली आणि पडद्यासमोर उभी राहिले.

'बसा खाली,' म्हटलं. 'ती जेवतेय.'